काळं टोपण, निळी रेघ

"परब, एवढंच सांगा. हा मडल आहे की मेस?" देवस्थळीसाहेबांनी विचारलं.

मी खोक्यातलं एक पेन काढून कागदावर रेघ ओढली. टोपण काळं, रेघ निळी. दुसरं घेतलं. टोपण निळं, रेघ काळी. तिसरं मात्र बरोबर निघालं, आणि पंचाईत तिथेच होती. सगळीच चुकली असती तर टोपणं बदलून भागलं असतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. वसई पूर्वेला बॉलपेनच्या एका कारखान्यात मी पॅकिंग सुपरवायझर होतो आणि देवस्थळीसाहेब मॅनेजर. त्या दिवशी एका मोठ्या ऑर्डरचा ट्रक चार वाजता निघायचा होता. नेमक्या त्याच दिवशी, कारखान्याला क्वालिटी सर्टिफिकेट द्यायचं की नाही हे ठरवायला ऑडिटर मॅडम आल्या होत्या. आमची दुसरी पाळी त्या एका ऑर्डरवर चालायची. माल उशिरा किंवा चुकीचा आला तर पुढची ऑर्डर नाही, असं पार्टीने बजावलं होतं. म्हणजे पॅकिंगच्या निम्म्या बायका घरी बसणार.

हे झालं स्वच्छतेमुळे. रिफीलमधली निळी शाई इतकी दाट असते की बाहेरून काळीच दिसते. आमचे रिफीलचे जुने ट्रे कळकट होते, पण निळ्या ट्रेवर निळे डाग आणि काळ्या ट्रेवर काळे, त्यामुळे कधी चूक झाली नव्हती. ऑडिट आहे म्हणून आदल्या दिवशी साहेबांनी सगळे ट्रे घासून लख्ख करून घेतले आणि छापील लेबलं लावली. लेबलं फार सुंदर होती. त्यातली काही चुकीच्या ट्रेवर गेली.

आता मडल आणि मेसचं सांगतो. साहेब मुंबईला एक ट्रेनिंग करून आले होते. आल्यावर त्यांनी आम्हाला जमवून सांगितलं, "तुम्ही लोक सगळ्याला गोंधळ म्हणता. दिवा गेला, गोंधळ. मशीन जळलं, तरी गोंधळ. यापुढे हा शब्द मला इथे ऐकू येता कामा नये." मग त्यांनी भिंतीवर फलक लावला. इंग्रजीतले चार शब्द, चढत्या क्रमाने, आणि पुढे काय करायचं ते.

मडल म्हणजे किरकोळ. ज्याच्या खात्यात झाला त्या सुपरवायझरने एकट्याने निस्तरायचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. जास्त हात लागले की मूळ चूक सापडत नाही, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मेस त्याच्या वर. आधी मीटिंग, मग काम. केऑस झाला की भोंगा वाजवून सगळी मशीनं बंद. आणि पँडेमोनियम असेल तर सगळ्यांनी गेटबाहेर.

वर्गवारी सोपी नव्हती. एकदा कँटीनमध्ये धामण निघाली. हा केऑस की पँडेमोनियम, यावर स्टोअरकीपर पास्कल आणि मेंटेनन्सवाल्यांची जुंपली. तेवढ्यात धामण मोरीतून निघून गेली. साहेबांनी मडल ठरवला. धामणीने तो एकटीनेच निस्तरला होता.

"साहेब, हा मेस तरी आहेच," मी म्हणालो.

"मेस म्हणजे मीटिंग. मीटिंगच्या खोलीत मॅडम फायली बघत बसल्यात."

"मग केऑस?"

"भोंगा वाजवू? त्यांच्या डोक्यावर? मडल आहे हा. बसा तुम्ही."

मी बसलो. प्रत्येक पेनचं टोपण काढायचं, रेघ ओढायची, योग्य टोपण लावून योग्य खोक्यात टाकायचं. पेनाला दहा सेकंद. मिनिटाला सहा, तासाला तीनशे साठ. संशयित पेनं नऊ हजार. म्हणजे पाणीही न पिता पंचवीस तास. ट्रकला उरले होते तीन.

मी हा हिशोब साहेबांना सांगितला. ते म्हणाले, "मग बोलण्यात वेळ घालवू नका."

पॅकिंगच्या चाळीस बायका हाताची घडी घालून माझ्याभोवती उभ्या. चांदीपच्या सुमनबाई त्यांच्यात सगळ्यात जुन्या.

"परबसाहेब, रेघ वाकडी आली," त्या म्हणाल्या. "शाळंत बाई मारायच्या ना अशा रेघेला."

"थट्टा सुचतेय तुम्हाला! तुमचीच पाळी जाणार आहे."

"आमी कुठं नाय म्हनतो? पन हात लावायचा नाय ना. त्या फळ्यावर हाय तसं."

भुईगावचा पास्कल स्टोअरच्या खिडकीतून म्हणाला, "परब, तू कर रे. आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतो. प्रार्थनेला हात लागत नाही."

जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडम राउंडला आल्या. एक माणूस खाली मान घालून रेघोट्या ओढतोय आणि चाळीस जणी बघतायत, हे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे एकटेच का करतायत?"

"मडल आहे, मॅडम," साहेब म्हणाले.

"आणि या बाकीच्या?"

"प्रोसीजर पाळतायत."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते बघायला साहेबांनी मान इतकी लांब केली की मला त्यांची काळजी वाटली.

इतक्यात ट्रक ड्रायव्हर आत आला. "शेठ, माल देताय की रिकामा जाऊ?"

साहेब घामाघूम झाले. "थांब! परब, मेस धरा. नको, मीटिंग होईल. पास्कल, केऑस केला तर?"

"भोंगा, साहेब."

"मग पँडेमोनियम?"

"तर आपण सगळे ट्रकबरोबरच बाहेर."

"अरे, काय गोंधळ लावलाय सगळ्यांनी!" साहेब ओरडले.

साहेबांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

मी उठून फलकाजवळ गेलो आणि तो वरपासून खालपर्यंत वाचला. "साहेब, तुम्ही गोंधळ म्हणालात. त्याला इथे नियम नाही. म्हणजे हात लावायला बंदीही नाही."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी छताकडे पाहिलं.

"चला गं," सुमनबाई म्हणाल्या.

चाळीस जणी खोक्यांवर तुटून पडल्या. कागद संपले तशा रेघा पुठ्ठ्यांवर, टेबलांवर, तळहातांवर उमटल्या. पास्कलने पांढऱ्या शर्टाची बाही दिली. ड्रायव्हर बिडी विझवून बसला. थोड्या वेळाने मॅडमनीही वहीचं मागचं पान उघडलं आणि एक खोकं पुढे ओढलं. तासाभरात काम आटोपलं. ट्रक चारच्या जरा आधीच निघाला.

सर्टिफिकेट मिळालं. सोबत शेरा होता: "कर्मचाऱ्यांचा सहभाग उत्तम. मात्र प्रत्यक्षात वापरला जाणारा पाचवा ग्रेड फलकावर दाखवलेला नाही."

साहेब शेऱ्याला मानणारे. त्यांनी पाचवी ओळ रंगवून घेतली, मान राखायला तीही इंग्रजी अक्षरांत. 'गोंधळ', आणि पुढे, 'सर्वांनी हात लावावा'. त्यानंतर दुसरी पाळी बंद पडली नाही आणि वरचे चार शब्दही कोणी वापरले नाहीत. दिवा गेला, गोंधळ. मशीन जळलं, गोंधळ. फक्त आता नियमानुसार.

यातून मी शिकलो एवढंच, की ऑर्डर बाहेर पडेपर्यंत डाग पुसू नयेत. आणि अजूनही विरारला पेन घेताना मी दुकानातच रेघ ओढून बघतो. दुकानदार म्हणतो, "काका, टोपणावर दिसतोय की रंग."

मी म्हणतो, "हो. ती टोपणं मीच लावायचो."