बोळातली रेघ आणि ओढ्याकडची चार घरं

मंडळी, आज वॉर्डांच्या नव्या हद्दींवर सुनावणी होती. नकाशात हद्द आमच्या बोळातूनच गेलीय. दारं समोरासमोर, पण मतं दोन वॉर्डांत. अशानं बोळातला माणूस कधीच निवडून यायचा नाही.

हरकतीवर सह्या सगळ्यांच्या होत्या, बरोबर मात्र कुणी आलं नाही. शेजारचे तात्या म्हणाले, "तूच जा. तुला कुठं कामधंदा हाय?" वाटेत रसवंतीचा बैल बघत बसलो, तरी वेळेत पोचलो.

साहेबांनी नीट ऐकलं. "मग हद्द कुठून न्यायची?"

"मागच्या ओढ्यावरनं."

"म्हणजे ओढ्याअलीकडची चार घरं त्यांच्या पलीकडच्या वस्तीपासून तुटतात. त्यांना विचारलंत?"

"न्हाय."

येताना मुद्दाम त्या घरांवरून आलो. दारात एक बाई शेंगा फोडत होती. म्हणाली, "कोण पायजे?" जन्मापासून मी त्यांच्यामागंच राहतो. तिला मी ठाऊक नाही, मला तिचं नाव ठाऊक नाही. "कुणी न्हाय," म्हणून निघालो.

ज्यांच्या दारातून रेघ जायची, त्यांना आधी विचारायचा नियम का नसावा? आणि असता, तरी मी विचारलं असतं का? तुम्ही विचारलं असतं?