घरात बूट घालणाऱ्या वहिनी

वहिनी घरातही बूट घालून वावरायच्या, लेस घट्ट बांधून. फक्त देवापुढे काढायच्या आणि लगेच पुन्हा चढवायच्या. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटमधल्या त्यांच्या टाउनहाउसच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायला गेले, तेव्हा विचारलं, तर म्हणाल्या, "टाच दुखते गं."

खरं कारण लवकरच कळलं. चहा गोड झाला म्हणून सुहासदादांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, त्यांचा गळा धरून त्यांना फ्रिजवर आपटलं. वहिनी निसटल्या आणि बूट पायात होतेच, थेट रस्त्यावर धावल्या. मी मागोमाग गेले. "पोलिसांना फोन करू?"

"आणि राहू कुठे?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "इथे श्वास घ्यायलासुद्धा डिपॉझिट लागतं."

नागपूरला त्या कॉलेजात शिकवायच्या. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आल्या, त्यावर नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून ग्रीन कार्ड येईपर्यंत घरीच बसल्या. मग सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी धरली. पगार जॉइंट अकाउंटमध्ये जायचा आणि त्याचं कार्ड दादांच्या खिशात असायचं. "दुसऱ्यांच्या चुका शोधायचे पैसे मिळतात," त्या म्हणायच्या, "माझी चूक रोज समोर जेवायला बसते." आणि खो-खो हसायच्या. मला हसू यायचं नाही.

एका शनिवारी सकाळी त्यांच्या एकटीच्या नावाचं बँकेचं कार्ड टपालाने आलं. पाकीट दादांच्या हाती पडलं. आरडाओरडा ऐकून मी खाली धावले. दादांनी वहिनींचे केस मुठीत धरून त्यांचं तोंड ओट्यावर आदळलं. सिंकमध्ये रक्त पडलं. मी मध्ये पडले, तर मला भिंतीवर ढकललं. ते पुन्हा हात उगारून वळले, तेवढ्यात वहिनींनी गॅसवरचा बिडाचा तवा उचलून त्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दादा किंचाळत खाली बसले. वहिनींनी तवा सोडला नाही. मीच पोलिसांना फोन केला.

पोलीस दादांना घेऊन निघाले, तेव्हा फाटलेल्या ओठांनी वहिनी म्हणाल्या, "मीही मारलंय. तेही लिहून घ्या."

नंतर मराठी मंडळातले एक काका समजूत घालायला आले. "एकटीच्या पगारात बे एरियात कशी राहशील? जरा ॲडजस्ट कर."

"काका, या घराचं भाडं मी हाडांनी भरलंय. आता पगारातून भरेन, जिथे परवडेल तिथे."

फ्रीमाँटमध्ये परवडत होतं ते कुणाचं तरी गॅरेज. म्हणून त्यांनी मिशिगनमध्ये, ट्रॉयला नोकरी शोधली. पगार कमी होता, पण अख्खा फ्लॅट एकटीचा. विमानतळावर मी रडले. त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

हिवाळ्यात एका दुपारी त्यांचा फोन आला.

"अगं, आत्ता हातातून काचेचा ग्लास पडला. फुटला. मी तशीच उभी राहिले, कोणी ओरडेल म्हणून."

"मग?"

"कोणीच ओरडलं नाही गं."

मग पलीकडून काचा गोळा केल्याचा आवाज येऊ लागला. अगदी सावकाश, घाई नसल्यासारखा.