परतीची हमी नाही

फेरो बेटांच्या पार टोकाला आमचं बेट. माणसं नऊ, मेंढ्या चारशे. जून ते ऑगस्ट पफिन पक्षी बघायला पाहुण्यांची रीघ लागते. सकाळच्या बोटीने येतात, फोटो काढतात, संध्याकाळी पसार. पक्षी गेले की इकडे कुणी फिरकत नाही.

गेल्या सप्टेंबरात बोटीच्या कचेरीतून निरोप आला. या हिवाळ्यात उतारू मिळाले नाहीत, तर पुढच्या हिवाळ्यापासून बोट बंद. बोट बंद म्हणजे गाव बंद, हे सांगायला ज्योतिषी नको.

माझी मावशी सुन्निवा बहात्तर वर्षांची. तिने फेब्रुवारीतच पाहुणे बोलवायचे ठरवले. कशाला, तर वाऱ्यावर महिनोन्‌महिने टांगून आंबवलेल्या मटणाचं सूप प्यायला!

"मावशी, त्या वासानं लोक समुद्रात उड्या टाकतील."

"तू टाकलीस का कधी? चार-चार वाट्या ओरपतोस मेल्या!"

तिने जाहिरात लिहून दिली. शेवटची ओळ वाचून मी कपाळाला हात लावला. 'बोट परत न्यायला वेळेवर येईलच असं नाही.'

"असं कुणी लिहितं का? खोड ती ओळ."

"का? खोटं आहे? पाहुण्याला घरी बोलवायचं आणि एवढंही सांगायचं नाही? मला नाही जमायचं."

मी ती तशीच इंटरनेटवर टाकली आणि मनातल्या मनात गावाला रामराम ठोकला.

अकराजण आले. दुसऱ्याच दिवशी समुद्र खवळला आणि पाच दिवस बोट नाही. मावशीने कुणाची माफीबिफी मागितली नाही. तिने त्यांना मेंढ्यांना चारा घालायला नेलं, लोकर विंचरायला बसवलं. कोपनहेगनचा एक वकील वाटीसमोर नाक धरून बसला होता. "अरे, जिभेनं खा, नाकानं काय खातोस?" म्हणत तिने त्याला सूप पाजलं. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून वाटी पुढे करत होता.

सहाव्या दिवशी बोट लागली. आता हे लोक बाहेर जाऊन आमच्या नावाने शंख करणार, अशी मला धास्ती. पण बोटीतून माणसंच उतरू लागली. आमच्या अडकलेल्या पाहुण्यांनीच फोन करकरून त्यांना बोलावलं होतं.

"सुन्निवा, सोळा आहेत!" कप्तान ओरडला. "आणि परवा पुन्हा वादळ आहे, सांगितलंय सगळ्यांना! पुढच्या हिवाळ्याच्या फेऱ्याही कायम केल्यात कचेरीनं!"

"करतील नाहीतर काय!" मावशी म्हणाली आणि पाहुण्यांच्या पिशव्या उचलायला पुढे झाली.

मी मात्र धक्क्यावर सगळ्यांदेखत रडलो.