कुंचीतली शिट्टी

माझी मोठी बहीण जन्मापासून बहिरी. घरात हे कळलं ते शाळेतल्या बाईंनी तिला ढ म्हणून परत पाठवल्यावर. आईला आधी शंका आली नव्हती असं नाही. पण आमच्या वाडीतली तपासणी ठरलेली होती. पोराला ओटीवर बसवायचं आणि मागून थाळी वाजवायची. आईने थाळी वाजवली, ताई वळली आणि सगळे म्हणाले, ऐकते की. समोर बसलेली माणसं थाळीकडे बघत होती म्हणून ताई वळली होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आई लोकांच्या शेतात लावणीला जायची. आमची वाडी आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागून, आणि ताईला हाक मारून मागे फिरवता येत नसे. म्हणून आई तिच्या कमरेला जुन्या लुगड्याचा काठ बांधायची आणि दुसरं टोक बांधावरच्या झाडाला. मी धाकटा, मोकळा फिरायचो. पुढे मी महाडला कॉलेजात गेलो, घरातला पहिला पदवीधर झालो. ताई वाडीत ‘मुकी’च राहिली. माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा एका घरातून निरोप आला, तुमच्याकडे मुकी हाय, आमची पोर द्यायची नाय. पदवी हातात असलेला मी त्या दिवशी मान खाली घालून बसलो होतो.

माझी मुलगी महाडला दवाखान्यात झाली. घरी सोडण्याआधी नर्सबाईंनी तिच्या कानात रबराचं लहानसं बोंडूक घालून यंत्र लावलं आणि पुन्हा तपासायला लागेल म्हणाल्या. पुन्हा तपासलं, तेच. मग जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. बायकोने तिला पाजून झोपवलं, झोपेतच तिच्या डोक्याला वायरी लावल्या. दोन्ही कानांना कमी ऐकू येतं, असं निघालं. बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "ऐकायचं मशीन आत्ता लागलं तर ही बोलेल. पण जागी असेल तेवढा वेळ ते कानावर पाहिजे. ही पहिली वर्षं पुन्हा मिळत नाहीत."

मशीनसाठी सरकारी कचेऱ्यांत खेपा सुरू झाल्या. एका टेबलावरचे साहेब म्हणाले, लहान आहे अजून, जरा मोठी झाली की या. मी मोबाईलवर वाचून गेलो होतो. म्हटलं, साहेब, दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे. पोरांची तपासणी करून लवकर ओळखायचं, हे सरकारचं काम म्हणून त्यात लिहिलंय. ओळखून नुसतं बसायचं, असं कुठे लिहिलंय ते दाखवा. साहेबांनी वर बघितलं. माझ्या ताईच्या वेळी असला कायदा नव्हता, आणि असता तरी आमच्या घरात वाचणारं कोणी नव्हतं. पोरीच्या वेळी मी वाचणारा होतो. त्याचा मला गर्व होता आणि आजही आहे.

मशीन मिळालं. आमच्या पोलादपूरच्या स्टँडवर एसटीतून उतरण्याआधी मी पोरीला कुंची घातली, दोन्ही कान झाकले आणि बंद घट्ट बांधले.

घरात मशीन उघडं, दाराबाहेर कुंची, असंच पुढे चाललं. मॅडमनी सांगितलं होतं, कापडाने झाकू नका, नीट ऐकू जात नाही आणि मशीन शिट्टी मारतं. मला हे पाठ होतं. तरी बंद मीच बांधायचो.

चुलतभावाची हळद होती. ऐन मे महिना. एक काकी पोरीच्या गालाला हात लावून बायकोला म्हणाली, "उन्हाळ्याची कुंची कशाला गो? पोर शिजवायचीय काय?" बायकोने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात लाइट गेली, स्पीकर गप्प झाला, आणि त्या शांततेत माझ्या मुलीच्या डोक्यातून बारीक, लांब शिट्टी निघाली.

"मोबाईल कुणाचा रे केकाटतोय?" मांडवातून कोणी विचारलं.

"माझाच हाय," मी म्हणालो आणि खिसा चाचपला.

कायदा दाखवताना न अडखळलेली माझी जीभ इथे खोटं बोलली, तेही स्वतःच्या लेकीच्या कानाबद्दल. माणसं खिशाकडे नाही, पोरीकडे बघत होती. ताई पलीकडे हळद कालवत होती. तिला शिट्टी ऐकू आली नाही, पण सगळ्यांचे डोळे कुठे वळले ते तिने बघितलं. ती उठली, तिने पिवळ्या हातांनी कुंचीचे बंद सोडले, कुंची माझ्या मांडीवर टाकली आणि पोरीचे केस कानामागे सारले. शिट्टी थांबली. ताईने पोरीला कडेवर घेतलं आणि ती मांडवाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

बायकोने मागून हलकेच हाक मारली. पोर ताईच्या कडेवरून वळली. थाळीच्या वेळेसारखं समोरचं कोणी मागे बघत नव्हतं. सगळे तिच्याकडेच बघत होते, आणि ती आईच्या आवाजाला वळली.

काकी म्हणाली, ऐकते की. मी मांडीवरच्या कुंचीला लागलेली हळद बघत बसलो. मान वर करवली नाही.

त्यानंतर कुंची घातली नाही. मुलगी आता अंगणवाडीत जाते. केस मागे बांधलेले असतात, मशीन दिसतं. ताईशी बोलायचं असलं की तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवते आणि ‘आत्या’ म्हणते. माझी मुलगी ऐकते आणि बोलते.