चपटी माशी आणि देवरावजींची कबुतरं

माशी कबुतराच्या पंखाखालून निघाली आणि थेट माझ्या ॲप्रनच्या कॉलरमध्ये शिरली. दोन्ही हातांत कबूतर, त्यामुळे झटकताही येईना. तोवर तिने मानेला कडकडून चावा घेतला. बाहेर पग घेऊन बसलेल्या बाईंनी दारातून माझा नाच पाहिला, कुत्र्याला छातीशी धरलं आणि त्या बाकाच्या पार टोकाला जाऊन बसल्या. समोर उभे असलेले देवरावजी मात्र हसले नाहीत.

"मॅडम, पुन्हा आल्या ना माश्या," ते म्हणाले. "आता मले कबुतरं ठेवू देत नाही घरी."

रामदासपेठेत माझा जनावरांचा दवाखाना आहे. पाटीवर कुत्री-मांजरी आहेत, पण नागपुरात पक्षी बघणारे डॉक्टर कमी, त्यामुळे पोपट, कोंबड्या, कबुतरं घेऊन लोक लांबून येतात. देवरावजी कन्हानचे. कोळशाच्या खाणीत नोकरी झाली, बायको गेली, मग मुलगा निलेश त्यांना नागपुरात बेसा भागातल्या आपल्या नव्या घरी घेऊन आला. ते यायला तयार झाले ते एकाच अटीवर. कबुतरं सोबत येतील. गच्चीवर ढाबळ बांधली, म्हणजे कबुतरांचं लाकडी घर, आणि म्हातारबुवा रमले.

मग ही माशी आली. ती घरातल्या माशीसारखी नसते. चपटी, चिवट, आणि खेकड्यासारखी आडवी पळते. कबुतराच्या पिसांखाली राहते आणि दिवसातून कित्येकदा रक्त पिते. नरही पितो, मादीही पिते, त्या बाबतीत त्यांच्यात पूर्ण समानता आहे. पिसं नुकती फुटत असलेली पिल्लं तिला सगळ्यात प्रिय. लपायला आडोसा मिळतो आणि कोवळ्या पिसांत रक्तही भरपूर असतं. पक्षी हातात धरला की ती उडून दुसऱ्या पक्ष्यावर जाते, नाहीतर धरणाऱ्यावर. माणसाच्या रक्तावर तिचं भागत नाही, पण चावून बघायला ती मागेपुढे पाहत नाही. वर कबुतरांना मलेरियासारखा एक आजारही देते. देवरावजींच्या पक्ष्यांच्या रक्तात तो मला मायक्रोस्कोपखाली दिसला होता. आभाळात ठिपक्याएवढी होणारी त्यांची कबुतरं आता शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन धापा टाकत बसत होती.

कबुतरांचं जाऊ द्या, माश्या सुनेलाही चावत होत्या. प्राचीचं ऑफिसचं काम घरूनच चालायचं. गच्चीवर गेली की हातावर गांध्या घेऊन खाली यायची. शेवटी निलेशने वडिलांना सांगून टाकलं, पाडव्यापर्यंत बघू, नाहीतर कबुतरं कन्हानला पुतण्याकडे. पुतण्यालाही कबुतरं आवडायची, पण ताटात. हे सांगताना देवरावजींचा आवाज बसला.

आता माझं डोकं फिरलं होतं. पहिल्यांदा ते आले तेव्हा मी सगळं नीट समजावलं होतं. सगळे पक्षी एकाच संध्याकाळी धरा, एकालाही सोडू नका, पिसांत पावडर मारा, पिल्लांना मी सांगते तेवढीच. घरट्यातली तणस, म्हणजे भाताचा पेंढा, सगळी काढून टाका. ढाबळ धुवा, नवी तणस घाला. माश्या गेल्या. साधारण महिन्याने परत आल्या. मग पुन्हा तेच केलं, पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. मी त्यांनाच फैलावर घेतलं. पिल्लांना हात लावला नसेल, एखादा लाडका पक्षी सुटला असेल, बाहेरची कबुतरं आत घेत असाल. ते सगळ्याला शांतपणे नाही म्हणत होते. जाळी लावली होती, पिल्लंही सोडली नव्हती.

"तणस?"

"काढून टाकली ना मॅडम. तुमी म्हटलं तशी सगळी काढली."

तणशीचा मी इतका पिच्छा पुरवत होते, त्याला कारण आहे. ही मादी अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते आणि पूर्ण वाढली की घरट्यातल्या कचऱ्यात सोडते. अळीचा लगेच टणक काळा दाणा होतो, उडदाच्या दाण्याहून लहान. तो काही आठवडे नुसता पडून राहतो. मग फुटतो आणि नवी माशी निघते, ती भुकेलीच. पक्ष्यावरच्या माश्या पावडरीने मरतात, पण तो दाणा ढिम्म राहतो. म्हणून तणस घरट्यातून गेलीच पाहिजे. ती गेली होती, तरी माश्या येत होत्या, आणि मी दुसरं औषध लिहायला पेन उचललं. मग ठेवलं. रविवारी मीच तुमच्या घरी येते, असं त्यांना सांगितलं.

बेश्यातलं त्यांचं घर छान आहे. गच्चीच्या अर्ध्या भागात ढाबळ आणि अर्ध्या भागात प्राचीची बाग. हिरव्या जाळीखाली कुंड्याच कुंड्या, त्यात गुलाब. होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं, तरी एकेक गुलाब असा टपोरा की मी कबुतरं सोडून तिकडेच बघत राहिले. ढाबळीत मला काही सापडलं नाही. कोपरे खरवडले, फळ्या उचलल्या. इतकी स्वच्छ ढाबळ मी दुसरी पाहिली नव्हती. देवरावजी माझ्या मागेमागे, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

तेवढ्यात प्राची वर आली. मला वाटलं आता भांडण. तिने सरळ हात पुढे केला आणि गांध्या दाखवल्या.

"डॉक्टर, माझा पक्ष्यांवर राग नाही. पण कुंड्यांना पाणी घालायला येते ना, तेव्हाच चावतात."

"कुंड्यांजवळ? ढाबळीजवळ नाही?"

"तिकडे मी कशाला जाऊ? तो बाबांचा एरिया आहे."

मी कुंड्यांपाशी जाऊन वाकले. प्रत्येक गुलाबाच्या बुंध्याशी तणशीचा जाड थर होता, कबुतरांच्या विष्ठेसकट. ओलावा टिकतो आणि खतही मिळतं, प्राची अभिमानाने सांगत होती. बाबा बादली भरून ठेवतात, मी आणून घालते, नर्सरीवालाही विचारतो काय घालता म्हणून. मी तणस बाजूला केली. खाली मातीत काळे दाणे, चमकदार. दहा पावलांवर ढाबळ.

मी चार दाणे तळहातावर घेतले आणि वळले. देवरावजींनी ते पाहिले. माणूस आयुष्यभर कबुतरांत वाढलेला, आणि दाण्यांचं तर मीच त्यांना सांगितलेलं. त्यांचा चेहरा पडला.

"चहा मांड वं बेटा, मॅडम केव्हाच्या उन्हात हायत," ते प्राचीला म्हणाले. ती खाली गेली. मग ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, तिले नका सांगू."

"काहून नको?" मीही त्यांच्याच भाषेत आले. आमच्या घरी हीच बोलली जाते, राग आला की बाहेर पडते.

"माह्याकडून काही मागत नाही ती. जेवण देते, औषध देते, आवाज चढवून बोलत नाही. पण मागत काही नाही. एक ही तणसच मागते. बाबा, बादली भरली का, म्हणते. तेवढंच बोलणं होते आमचं. आता त्याच्यानंच माश्या झाल्या असं सांगान, तर तिले कसं वाटन? मी नेतो कबुतरं कन्हानले."

मला राग आला. आजार सापडला, उपाय सोपा, आणि हे गृहस्थ सुनेच्या मनासाठी सगळे पक्षी पुतण्याच्या रश्श्यात घालायला निघालेले. सांगायचं नाही तर पक्षी जाणार, सांगायचं तर ती बादली.

मी प्राचीला लोणच्याची रिकामी बरणी मागितली. तिच्यात कुंडीतली मूठभर तणस घातली, दाण्यांसकट, आणि तोंडाला पातळ कापड घट्ट बांधलं. तिच्या हातात दिली. "ही टेबलावर ठेवायची, उघडायची नाही आणि बघत राहायचं. काही झालं तर मला फोन." कशासाठी ते सांगितलं नाही. निलेशला खालीच गाठलं आणि पाडव्याची मुदत अक्षय तृतीयेवर ढकलून घेतली. त्याने बायकोकडे पाहिलं. ती बरणीकडे बघत होती. मानेनेच हो म्हणाली.

फोन आठवडाभरात आला.

"डॉक्टर, बरणीत माश्या फिरून राहिल्यात. त्याच. आडव्या पळणाऱ्या." मग म्हणाली, "ही तणस माझ्या कुंडीतली होती ना?"

"हो."

"म्हणजे बाबा मारत होते आणि मी पाळत होते."

आणि ती हसायला लागली. मी पण. मला वाटलं होतं ओशाळेल, चिडेल, पण ही पोरगी खो-खो हसत होती. मग एकदम गंभीर झाली. बाबांना माहीत होतं का, तिने विचारलं. रविवारी कळलं, मी म्हटलं. मग बोलले का नाहीत? मी खरं ते सांगितलं, बादलीचं. ती म्हणाली, "वेडेच आहेत बाबा," आणि फोन ठेवला.

पुढचं काम नागपूरच्या उन्हानं केलं. कुंड्यांतली सगळी तणस आणि वरची माती काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून, तोंडं बांधून गच्चीवर टाकली. आपल्याकडचं ऊन माणसाला सोडत नाही, तिथे दाण्याची काय कथा. तणस फेकायची नाही, तापवून मग कुंडीत घालायची, असा नवा नियम ठरला. ढाबळीत पुन्हा एकदा पावडर मारली, आजारी पक्ष्यांना औषध सुरू केलं. पक्षी धरायला या वेळी देवरावजी एकटे नव्हते. प्राची ओढणी डोक्याला गच्च बांधून एकेक कबूतर पकडून देत होती. "असं नाही गा बाबा, पंख दुमडा आधी," हे ती त्यांना शिकवत होती म्हणे. हे सांगताना म्हातारबुवा इतके खूश होते की मला त्यांचं बोलणं थांबवून पुढचा पेशंट घ्यावा लागला.

अक्षय तृतीया आली आणि गेली. माशी आली नाही. कबुतरं कुठेही गेली नाहीत, पुतण्याला वाईट वाटलं असेल.

माझ्यापुरता धडा एवढाच. पेशंटला "काढून टाका" सांगून भागत नाही, कुठे टाकणार तेही विचारायचं. आता मी विचारते. लोकांना वाटतं बाई भोचक आहे.

परवा देवरावजी एका पिल्लाला दाखवायला आले होते. पिल्लू ठणठणीत होतं, फक्त खूप खाऊन बसलं होतं. जाताना त्यांनी पिशवीतून एक मोठा लाल गुलाब काढून टेबलावर ठेवला.

"सूनबाईनं पाठवला. म्हणे मॅडमले सांगा, तणस केव्हा निघते ते मी आता स्वतःच ढाबळीत जाऊन बघते."

मी थँक्यू म्हटलं, गुलाब दांड्याला धरला, खिडकीबाहेर नेऊन दोनदा चांगला झटकला, आणि मग पाण्यात ठेवला. या वेळी देवरावजी हसले.