मामा बोलतील

गेलेसोमो म्वाले तुरुंगात गेला तो बोलल्यामुळे. चोरी नाही, मारामारी नाही, कुणाच्या अंगाला बोटही लावलं नाही. बोलला, एवढंच. आणि बोलणं हेच तर त्याचं जन्मभराचं काम होतं. मलावीत, तळ्याकाठच्या त्या सपाट मुलखात बहिणीची पोरं ती मामाची पोरं. त्यांचं लग्न असो, भांडण असो, मयत असो, उभं राहायचं मामाने आणि बोलायचं मामाने. ज्याचं लग्न तो नवरदेव गप मान खाली घालून बसलेला असतो. स्वतःची बाजू स्वतःच्या तोंडाने मांडणाऱ्याला तिथे लोक निर्लज्ज म्हणतात, नाहीतर बिचाऱ्याला कुणी मामाच उरला नाही असं धरून चालतात.

गेलेसोमोच्या जिभेला मान होता. आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली, मग आल्याबद्दल आभार, मग पावसापाण्याच्या गोष्टी, आणि समोरचा पुरता मऊ झाला की हळूच कामाचा विषय. शेजारच्या गावचे लोकसुद्धा त्याला बोलवून न्यायचे.

एका वर्षी गावोगाव आवई उठली की रात्री माणसांचं रक्त काढून नेणारे फिरतात. गेलेसोमोच्या गावात एक परका फेरीवाला जमावाने बडवून मारला. बिचारा साबण विकत होता. सरकारला मग जाग आली. सार्वजनिक सुरक्षेचा हुकूम निघाला, जीपा आल्या, आणि गावातली हाती लागतील ती तरणी पोरं उचलली. गेलेसोमो त्या दिवशी दुसऱ्या गावी मयताला गेला होता. परत येऊन त्याने कोट चढवला, चौकीवर गेला, टोपी काढली आणि म्हणाला, "ही पोरं माझी आहेत, साहेब. त्यांनी केलं ते मीच केलं असं समजा, आणि काय ते माझ्याशी बोला."

गावच्या पंचायतीत हे ऐकून कुणीही मुखिया म्हणाला असता, बस बाबा, बोलू. पण चौकीवरचा अंमलदार शहरातून नवा आलेला. त्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली गेलेसोमोचा अंगठा घेतला. झाला कबुलीजबाब! पोरं यथावकाश एकेक करून सुटली. मामा आत राहिला, आणि त्याच्या खटल्याला तारीखच लागेना.

त्याला ठेवलं ते म्टोंडेचं जेल म्हणजे इंग्रजांच्या वेळची एक लांबट कोठी. जेवढ्या माणसांसाठी बांधली त्याच्या कितीतरी पट माणसं आत. कुशीवर, एकमेकांच्या पाठीला पोट लावून झोपायचं, आणि कूस बदलायची तर अख्ख्या रांगेने एकदम. त्यावरून रोज शिव्यागाळी व्हायची. गेलेसोमोने आल्यावर रांगा लावून दिल्या. म्हाताऱ्यांना भिंतीकडे, खोकणाऱ्यांना खिडकीखाली. दिवसातून एकदा मिळणाऱ्या मक्याच्या उकडीच्या, न्सिमाच्या, आणि तुरीच्या वाटणीला तो स्वतः उभा राहू लागला. बघता बघता सगळे त्याला मामा म्हणायला लागले, पहारेकरीसुद्धा. कुणाला काही हवं असेल, मामाला सांगायचं. मामा जेलच्या साहेबांशी बोलतील.

खिडकीखाली सोस्तेनी होता. गवंडी माणूस, तिशीतला. शाळेच्या छताचे पत्रे चोरल्याचा आळ होता आणि त्याच्या खटल्याचे कागद कोर्टात कुठेतरी गहाळ झाले होते. आधी खोकला, मग ताप, मग थुंकीत रक्त. जेलच्या कंपाउंडरने सरळ सांगितलं की इथे औषध नाही, जिल्ह्याच्या इस्पितळात न्या, नाहीतर हा वाचत नाही. गेलेसोमो साहेबांकडे गेला. पुन्हा गेला. साहेबांचं उत्तर ठरलेलं.

"गाडीत डिझेल नाही, मामा. पाठीवर नेता का?"

"नेतो, साहेब. दार उघडा."

साहेब हसले. त्यांना मामाचं बोलणं आवडायचं. दार काही उघडलं नाही.

अशात बातमी आली की राजधानीहून तुरुंगांची तपासणी करणारी मंडळी येणार. त्यांची प्रमुख एक बाई, निवृत्त न्यायाधीश. त्या कैद्यांशी स्वतः बोलतात, त्यांनी एका जेलमधून आजाऱ्यांना तिथल्या तिथे इस्पितळात धाडलं, असं पहारेकरीच कुजबुजत होते. कोठीत जीव आला. बोलणार कोण हा प्रश्नच नव्हता. गेलेसोमो मनातल्या मनात जुळवणी करू लागला. ख्यालीखुशाली, आभार, आणि मग सगळ्यात आधी सोस्तेनी. पाण्याचं, जागेचं, तारखांचं नंतर.

"मामा, फार लांबण लावू नका हं," सोस्तेनी म्हणाला. "तुम्ही पाऊसपाणी विचारेपर्यंत मी जायचो."

"गप रे. तू फक्त त्या दिवशी नीट खोक. बाकी माझ्यावर सोड."

भिंतींना चुना लागला. वखारीतून घोंगड्या निघाल्या, घडी न मोडलेल्या. तपासणीच्या दिवशी सकाळी साहेबांनी गेलेसोमोला बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. साहेब तळ्याकाठचेच, त्यांचंही लग्न त्यांच्या मामानेच जुळवलेलं. एक तोंड बाजूला केलं की अख्खी कोठी मुकी होते हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"मामा, आज तुम्ही शेतावरच्या टोळीबरोबर जा," साहेब म्हणाले.

"आज, साहेब? आज तर पाहुणे येतायत."

"म्हणूनच. मी गोल गोल बोलत नाही. तुमचा तो गवंडी. डिझेल आलंय. उद्या उजाडताच गाडी त्याला घेऊन जाईल. शब्द देतो."

"आणि मी इथे राहिलो तर?"

"राहा की. बोला बाईंशी. त्या लिहून नेतील. राजधानीत चार टेबलं फिरेल. तोवर तुमचा गवंडी वाट बघेल ना?" साहेबांनी चहाचा घोट घेतला. "ठरवा तुम्ही. शहाणे आहात."

गेलेसोमोने कप खाली ठेवला. बोलण्याने काय होईल ते कुणाला ठाऊक? गाडी मात्र समोर अंगणात उभी दिसत होती. जन्मभर त्याने शब्दांवर सौदे केले होते आणि दिलेला शब्द लोकांनी पाळला होता. तो उठला आणि म्हणाला, "उद्या उजाडताच, साहेब."

टोळीत उभा राहिला तेव्हा दारातून कुणीतरी ओरडून विचारलं, "मामा, तुम्ही कुठे?"

तिथेच त्याने सांगायला हवं होतं, की बाबांनो, आज ज्याचं त्याने बोला. एवढं एक वाक्य. पण ते म्हणणं म्हणजे तुमचा मामा मेला असं सांगण्यासारखं होतं, आणि सौदा केलाय हे सांगायची लाज वाटली. तो म्हणाला, "येतो मी." आणि सरकारच्या मक्यात खुरपायला गेला.

संध्याकाळी त्याला सगळं कळलं. बाई खरोखरच चांगल्या होत्या. रांगेतल्या प्रत्येकासमोर थांबून विचारत होत्या, कसे आहात? आणि प्रत्येक जण पाहुण्याला सांगावं तसं सांगत होता. बरे आहोत, आई, तुम्ही कशा आहात, प्रवास नीट झाला ना? काही तक्रार? आमची नाही, आई, आमचे मामा बोलतील. कुठे आहेत मामा? साहेब मागून म्हणाले, कामावर गेलेत, मॅडम, स्वखुशीने. बाईंच्या हातातल्या कागदावर कैद्याच्या स्वतःच्या उत्तराला जागा होती. मामाला नव्हती. त्यांच्याही घरी मामाच बोलत असणार, पण दुपारपर्यंत आणखी एक जेल उरकायचं होतं.

सोस्तेनीसमोरही त्या थांबल्या होत्या. अंगावर नवी घोंगडी, बसवून ठेवलेला.

"तब्येत कशी आहे?"

"बरी आहे, आई," तो म्हणाला.

"आणि खोकला?" हे ऐकून गेलेसोमोने विचारलं.

"दाबून धरला, मामा," सोस्तेनी अभिमानाने म्हणाला. "तुम्ही आल्याशिवाय पाहुण्यांसमोर तमाशा कशाला? मला वाटलं, तुम्ही येताय."

घोंगड्या अंधार पडायच्या आत वखारीत परत गेल्या.

सकाळी गाडी निघाली नाही. पाहुण्यांच्या जेवणाला तळ्यावरून ताजे मासे आणण्यात डिझेल संपलं होतं. साहेब म्हणाले, परवा. मग म्हणाले, सोमवारी. गेलेसोमोने त्यांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली, हात जोडले, शेवटी आवाज चढवला. मग त्याला साहेबांच्या दारापर्यंत जायचीच बंदी झाली. सोमवार यायच्या आधी, सकाळच्या मोजणीला, सोस्तेनी उठला नाही.

पहारेकऱ्याच्या रेडिओवर पुढे तपासणीचा अहवाल सांगण्यात आला. म्टोंडेचं जेल स्वच्छ आहे, कैदी समाधानी आहेत, समक्ष विचारूनही एकानेही तक्रार केली नाही. साहेबांना शाबासकी मिळाली. हे सरकारी डोळे! एवढ्या लांबून येतात, सगळं बघतात, आणि त्यांना चुना दिसतो.

सोस्तेनीला न्यायला त्याचा खरा मामा आला. वाळलेला, पायी चालून आलेला म्हातारा, सोबत भाड्याची बैलगाडी. मयताची पेटी उचलायला साहेबांनी गेलेसोमोला बाहेर काढलं. दोघांनी पेटी गाडीत ठेवली. म्हाताऱ्याने घाम पुसला आणि आभार मानायला रीतीप्रमाणे गेलेसोमोचे हात दोन्ही हातांत धरले.

"तो निरोप पाठवायचा," म्हातारा म्हणाला. "आत मला तुमच्यासारखाच एक मामा आहे, काळजी करू नका म्हणायचा. तुम्हीच ना ते?"

"मीच."

"तुमचे उपकार आहेत. घरी त्याची आई विचारेल म्हणून विचारतो, राग मानू नका. राजधानीचे मोठे लोक आले होते म्हणे. त्यांना तुम्ही त्याचं काय सांगितलंत?"

 जन्मात पहिल्यांदा गेलेसोमो ख्यालीखुशाली, पाऊसपाणी सोडून थेट बोलला.

"मी तिथे नव्हतो," तो म्हणाला.

"मग त्याच्या वतीने कोण बोललं?"

"कुणी नाही."

म्हाताऱ्याने आपले हात मागे घेतले. बैलांना हाक मारली आणि पेटीशेजारून, मागे न बघता, चालू लागला.