हायटेन्शनच्या बाजूचं घर

माझ्या घरामागे मोकळं मैदान आहे आणि त्या मैदानातून हायटेन्शनची लाईन जाते. कोराडीच्या वीज केंद्राकडून येते आणि पश्चिमेकडे निघून जाते. तिकडे मोठाली शहरं आहेत. आमच्याकडे वीज तयार होते, पोरंही तयार होतात, आणि दोन्ही तिकडेच जातात. माझा मुलगा पुण्याला असतो.

यंदा हिवाळ्यात तो बायकोला आणि मुलीला घेऊन येणार होता. नातीनं एक रात्र माझ्याजवळ झोपावं, याहून जास्त मी काही मागितलं नव्हतं. ती अजून कधी या घरात राहिलेली नाही, कारण सूनबाईला त्या तारांची भीती वाटते. येतात तेव्हा हॉटेलात उतरतात, जेवायला येतात, ऊन उतरायच्या आत जातात. आमचे हे गेल्यापासून संध्याकाळनंतर या घरात मी असते आणि टीव्ही असतो. टीव्हीला मी उलट उत्तरं देते, तो मनावर घेत नाही.

सूनबाईच्या भीतीला मी हसले असते. पण नवी नवरी असताना मी स्वतः काय दिवे लावले होते ते आठवतं आणि हसू गिळावं लागतं.

नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतून उठून मी लग्न करून आले ती थेट सबस्टेशनच्या क्वार्टरमध्ये. हे वीज खात्यात ऑपरेटर. पहिल्याच हिवाळ्यात, धुक्याच्या सकाळी, डोक्यावरच्या तारा चर्र चर्र वाजायला लागल्या. आमच्या बागेत मोटरच्या पायपातून असा आवाज आला की पाइप फुटला असं समजायचं, आणि फुटल्या पायपाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची. माझं सगळं विज्ञान तेवढंच. हे ड्यूटीवरून आले तेव्हा मी अंगणातच अडवून गंभीरपणे सांगितलं, तुमची लाईन गळून राहिली, कोणाले तरी ट्यूब गुंडाळाले पाठवा.

यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. मग शिफ्टवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. पुढे कितीतरी दिवस चहाला येणारा प्रत्येक जण विचारायचा, वहिनी, घरात एखादी ट्यूब हाये काय?

हसून झाल्यावर त्यांनी समजावलंही होतं. "त्या तारेवर रबर नसतेच वं. उघडीच असते ते. हवा हेच तिचं रबर. म्हणून तर तिले जमिनीपासून इतकी दूर टांगतात."

उघडी तार म्हटल्यावर मला धीर येण्याऐवजी घाम फुटला. मी माझी खाट ओढत स्वयंपाकघरात नेली आणि धान्याच्या डब्यांना पाय लावून झोपायला लागले. कपडे वाळत घालायच्या तारेनं एकदा बोटाला बारीक चिमटा घेतला, तर तो सासूबाईंनी गावाहून पाठवला असं मला वाटलं. मोठ्या लाईनजवळच्या लोखंडी तारेत असा झटका येतो, हे यांनी सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी तिथे नायलॉनची दोरी बांधली. सासूबाईंवरचा संशय मात्र मी बरेच दिवस जपून ठेवला.

मग एकदा जेवताना मी विचारलं, घरातला बल्ब इतक्याशा विजेवर लागतो, तर वरून इतकी मोठी काहून पाठवता? लहान लहान पाठवा ना.

यांनी माझ्या माहेराचाच दाखला घेतला. तुझ्या बापाला ढीगभर संत्री दूरच्या बाजारात न्यायची आहेत. प्रत्येक बंडीत, म्हणजे बैलगाडीत, चार-चार संत्री ठेवली तर शेकडो बंड्या लागतील. रस्ता उखडेल, बैल तापतील, अर्धी मेहनत वाटेतच जाईल. आणि बंड्या दुप्पट झाल्या की रस्त्याचा त्रास दुप्पट नाही, चौपट होतो. त्यापेक्षा प्रत्येक बंडीवर माल उंच रचायचा. बंड्या थोड्या लागतात आणि माल तेवढाच पोचतो. मालाची उंची म्हणजे व्होल्टेज, बंड्यांची संख्या म्हणजे करंट. तार तापते ती बंड्यांनी. बाजाराजवळ आलं की ट्रान्सफॉर्मर उंची उतरवत जातो, आणि आपल्या दारी येते ती छोटीशी टोपली.

त्या रात्री मी खाट परत जागेवर आणली. विज्ञान पटलं म्हणून आणली असं मी तेव्हा सांगत असे. खरं तर स्वयंपाकघरात उंदीर फार झाले होते.

हीच बंडीची गोष्ट मी यंदा व्हिडिओ कॉलवर नातीला सांगितली. नातीसाठी कमी, मागे भाजी निवडत बसलेल्या सूनबाईसाठी जास्त. घर लाईनपासून नियमाइतकं दूर आहे, क्वार्टर सोडून हे घर बांधताना यांनी खात्याच्या माणसांकडून मोजून घेतलं होतं, तेही घुसवलं. सूनबाईनं शांतपणे सगळं ऐकलं. मग म्हणाली, "पण आई, इतकी उंच रचलेली बंडी कलंडली तर?"

मला तिचा राग यायला हवा होता. मी तर ट्यूब गुंडाळायला सांगणारी. मला हा प्रश्न सुचायला जन्म गेला असता.

तरीही ते आले. हॉटेल याही वेळी दूर शहरात, सदरमध्येच घेतलं होतं. दुपारी जेवायला घरी आले. मी सांबारवड्या केल्या होत्या, नातीनं सांबाराला पुण्यात कोथिंबीर म्हणतात असं मला शिकवत शिकवत चांगल्या चेपल्या. मग आम्ही दोघी गच्चीवर गेलो. तारा उन्हात गप्प होत्या. तिनं विचारलं, आवाज कुठे आहे? मी म्हटलं, दुपारी लाईन झोपते, पहाटे दव पडलं की बोलायला लागते.

"मग मी पहाटेपर्यंत थांबते," ती म्हणाली. "तुझ्याजवळ झोपते."

जिन्याच्या तोंडाशी सूनबाई उभी होती. तिचा चेहरा मला ओळखीचा होता. खाट ओढत स्वयंपाकघरात नेणाऱ्या पोरीचा तसाच असणार. मी फक्त हो म्हणायचं बाकी होतं. पोरगी माझ्या बाजूला होती, आणि मुलगा खाली मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता, तो कोणाच्याच बाजूला नव्हता.

"तुमच्या हॉटेलात लिफ्ट हाये ना वं?" मी नातीला म्हटलं. "माझ्या इथं नाही. जाय बापा, लिफ्टमध्ये बस."

ती फुगली. सूनबाईनं श्वास सोडला, तो मला गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

निघताना, सगळे टॅक्सीत बसल्यावर, सूनबाईनं काच खाली केली. "आई, तुम्हीच चला ना आज आमच्याबरोबर. मोठी खोली आहे. हिच्याजवळ झोपा."

मी म्हणाले, "छे, घर टाकून मी कुठी येऊ?"

आता आमच्याकडे पहिल्या आग्रहाला हो म्हणणारी बाई हावरट ठरते. दुसऱ्याला मान हलवायची, तिसऱ्याला नाइलाज दाखवायचा आणि मग पदर खोचून निघायचं. नाही म्हणताना मी कोणतं लुगडं घ्यायचं ते मनात ठरवूनही टाकलं होतं. सूनबाई भली बाई. तिनं माझं नाही खरं मानलं, बरं आई म्हणाली आणि काच वर केली. मुलाला हे सगळं माहीत आहे, याच घरात वाढला तो. पण तो ड्रायव्हरला रस्ता सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचं विमान होतं.

टॅक्सी वळली तरी मी आत येऊन पिशवी भरली. लुगडं, गोळ्या, चष्मा, नातीसाठी उरलेल्या वड्या. विसरलेलं काही घ्यायला माणसं परत येतात. चपला घालून फाटकापाशी उभी राहिले. बराच वेळ गेला तेव्हा समोरची बाई दळणाचा डबा घेऊन आली. तिनं आधी पिशवी पाहिली, मग माझ्या पायातल्या चपला.

"कुठी चालल्या काकू?"

"कुठी नाही वं," मी म्हटलं. "आत्ताच आली."